रात्रीची लाइन

आमच्या घरात सव्वा वर्ष कुकर गॅसवर चढला नाही. बायको तुरीची डाळ गंजात शिजवायची. बोअरचं पाणी जड, डाळ शिजायला तास-दीड तास सहज लागायचा. शेजारणी विचारायच्या, "कुकर बिघडला काय वं?" ती म्हणायची, "हाव." कुकर धडधाकट होता, बिघडलो मी होतो. शिट्टी व्हायच्या आधी कोंडलेली वाफ निघताना जो लांब, दाबलेला फुस्स आवाज येतो, तो कानावर पडला की माझे पाय लाकडासारखे व्हायचे. परड अशीच फुसकारते. पुस्तकात तिला घोणस म्हणतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. पाच एकर वावर, एक विहीर. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर, विहिरीच्या बाजूला एकरभर गहू. पणजोबांच्या काळापासून आम्ही ख्रिस्ती. गावात आमची अकरा घरं, एक छोटं चर्च. आमच्या भागात फ्री मेथडिस्ट मिशनचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आले, त्यांच्या हातून आजोबांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला, एवढं मला घरात ऐकून माहीत. रविवारची उपासना, नाताळ, घरी कोणी गेलं तर भजनं, एवढा माझा धर्म. वाईट नव्हता, पण कधी कसाला लागला नव्हता.

ज्याला वावर नाही त्याला रात्रीच्या लाइनचा प्रकार सांगावा लागतो. शेतीच्या मोटारीला थ्री फेज वीज लागते आणि ती पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस जेवून निघतो, स्टार्टर दाबतो आणि पहाटेपर्यंत दांड, म्हणजे पाण्याचे पाट, फोडत, बुजवत एकेका वाफ्यात पाणी सोडत फिरतो. थंडी, चिखल, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी. साप चिखलात येत नाही असं म्हणणाऱ्यानं रात्री ओलीत केलेलं नसतं. पाणी शिरलं की बिळातले उंदीर बाहेर पडतात, आणि उंदरामागं तोही येतो.

2021 चा डिसेंबर होता. गव्हाला एकविसाव्या दिवसाचं पाणी चुकवता येत नाही, तेव्हा त्याची मुकुटमुळं फुटतात. पायात साधी चप्पल. साडेअकराच्या सुमारास चौथा वाफा भरत आला होता. दांड बुजवायला धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, खाली पाय टाकला आणि डाव्या घोट्याच्या वर कोणी तापलेली सळई टेकवावी तसं झालं. बॅटरी मारली. हातभर लांब असेल, पण मनगटाएवढी जाड, पाठीवर साखळीसारखे काळपट गोल. फुसकारत होती. मी तिच्याकडे किती वेळ पाहत उभा होतो ते आजही सांगता येत नाही.

चुलतभावाला फोन लावला. तो मोटारसायकल घेऊन आला, सोबत धुऱ्याशेजारचा वारकरी गडी. मला दोघांच्या मध्ये बसवलं. घराशी गाडी थांबली तर गल्लीतली चार माणसं जमलेली, आणि त्यातल्या एकानं लगेच काढलंच, "झाडनाऱ्याकडं नेऊ का? त्या गावचा मंतर मारते, उतरते लवकर." खरं सांगतो, त्या क्षणी मला कोणीही कुठंही नेलं असतं तरी मी गेलो असतो. बायको पुढं झाली. "दवाखान्यात चाला. दुसरीकडं कोठीच नाई." तिनं चपला घालायची वाटही पाहिली नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात पायाला कापाकापी केली नाही, आवळून काही बांधलं नाही. एका कोरड्या काचेच्या नळीत माझं थोडं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवून दिली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नर्सनं ती तिरपी केली. साखळलेलं रक्त जागच्या जागी राहतं, माझं पाण्यासारखं वाहिलं. मग सलाइनमधून औषध सुरू झालं. पहिल्या खेपेला दहा बाटल्या. अंगाला खाज सुटली, थंडी भरली, त्यावर दुसरं इंजेक्शन. पहाटे 108 च्या गाडीनं यवतमाळला, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. घोणस चावलेल्याची किडनी जाते, म्हणून माझी लघवी मापून लिहून ठेवत. दर वेळी मापाचं भांडं भरलं की बायको हसायची. नवरा मुतला म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

तिथल्या एका तरुण डॉक्टरनं मला सांगितलं की हे औषध घोड्याच्या रक्तातून येतं. घोड्याला सापाचं विष थोडं-थोडं टोचतात, त्याचं रक्त विषाशी लढायला शिकतं, आणि ते लढणं बाटलीत भरून आपल्याला देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारही विषांवर ते एकच औषध. ही गोष्ट माझ्या डोक्यात बसून राहिली. पुढं ती वेगळ्याच जागी उपयोगी पडली.

नवव्या दिवशी घरी आलो. पाय सुजलेला, पण जिवंत. चर्चमध्ये उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. गोष्ट इथं संपली असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

भीती तीन आठवड्यांनी आली. चावताना नाही, दवाखान्यात नाही. एका दुपारी मी ओट्यावर बसून लसूण सोलत होतो आणि आत कुकर फुसकारला. हातातला लसूण कुठं गेला कळलं नाही. छाती फुटेल असं धडधडायला लागलं, तोंड कोरडं, घाम. वाटलं विष अजून अंगात आहे. तालुक्याला जाऊन तपासून घेतलं. सगळं ठीक. ठीक हा शब्द ऐकून मी आणखी घाबरलो, कारण मग हे काय होतं?

तेव्हापासून ते घरातच राहायला आलं. ठिबकची काळी नळी, पडलेला पट्टा, बैलाचं दावं, सगळ्याला डोकं आणि शेपूट दिसायला लागलं. खाटेवर चढायच्या आधी खालून बॅटरी मारायची, मग गोधडी झटकायची, मग उशी, मग पुन्हा गोधडी. रात्री झोप नाही म्हणून मोबाइल, आणि मोबाइलवर सापच. एकदा पहाटे तीनला वाचलं की 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं अंदाजे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला 58 हजार. तो आकडा मी महिनाभर मनात घोकत होतो, जसा काही त्यात माझा नंबर लागायचा राहून गेला होता.

गव्हाला पुढची पाणी द्यायची होती. मी सांगितलं पाय दुखतो. दुखत होता थोडा. पण सूज उतरल्यावरही मी लंगडत राहिलो. हे लिहिताना आजही मान खाली जाते. रात्रीची लाइन आली की बायको डोक्याला रुमाल बांधून, चुलतभावाला सोबत घेऊन वावरात जायची, आणि मी, चव्वेचाळीस वर्षांचा गडी, दोन लेकरांजवळ घरात बसून राहायचो. ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

प्रार्थना मी करत नव्हतो असं नाही. उलट एवढी प्रार्थना जन्मात केली नव्हती. बायबलमधलं एक्याण्णवावं स्तोत्र वहीच्या कागदावर उतरवून शर्टाच्या खिशात ठेवलं. त्यात सिंह आणि नाग पायाखाली तुडवण्याचं वचन आहे. सोळा वचनं. घराबाहेर पडायच्या आधी सात वेळा म्हणायचं. मध्ये कोणी हाक मारली, शब्द चुकला, तर पहिल्यापासून. संडासाला जायला वीस मिनिटं उशीर व्हायचा. गावातल्या लोकांच्या दंडावरच्या ताइतावर मी पोरपणापासून हसत आलो होतो, आणि माझा ताईत माझ्या खिशात होता, घामानं विरलेला, फक्त त्यावर पवित्र शास्त्रातली अक्षरं होती. हे तेव्हा दिसलं नाही. ज्याच्या गळ्यात असतो त्याला ताईत दिसत नाहीच.

मग ती प्रार्थना सभा. मी हिंमत करून सांगितलं की मला भेव वाटते, माझ्यासाठी प्रार्थना करा. बाहेरगावाहून आलेल्या एका भावानं बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक काढलं. माल्टा बेटावर प्रेषित पौल काटक्या शेकोटीत टाकत होता, साप त्याच्या हाताला डसला, त्यानं तो विस्तवात झटकून टाकला आणि त्याला काहीही झालं नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, विश्वास पुरा असला की विष चढत नाही आणि भीती राहत नाही. भाऊंनी आपलं मन तपासावं. लोक "आमेन" म्हणाले. वाईट हेतूनं कोणी म्हणालं नसेल. पण मी घरी येऊन मन तपासलं, आणि भीतीच्या शेजारी आता आणखी एक बसली होती, ती म्हणत होती तुला विश्वासच नाही. त्यानंतर मी अडीच महिने चर्चला गेलो नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चर्चचे म्हातारे पाळकसाहेब आले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. मूळचे सातारकडचे. यवतमाळला पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी होती तेव्हा शिकायला आले. 1983 मध्ये सेमिनरी पुण्याला गेली, हे इथंच राहिले. बोलणं अजून तिकडचं. मला वाटलं आता डोक्यावर हात ठेवतील, मोठी प्रार्थना करतील. त्यांनी चहा घेतला, दुसरा कप मागितला आणि म्हणाले, "चला, जागा दाखवा."

वखरणी झालेलं रिकामं वावर होतं. दुपारचे चार, ऊन अजून तापलेलं. धुऱ्याशी येऊन मी थांबलो, पाय पुढं टाकवेना. दिवसाढवळ्या, मोकळ्या वावरात. ते काही बोलले नाहीत, निंबाच्या सावलीत खाली बसले, आणि मीही बसलो. पिशवीतून शास्त्र काढून माझ्या हातात दिलं. "गणना, एकविसावा अध्याय. तुम्हीच वाचा."

अरण्यात इस्राएल लोकांमध्ये आग्ये साप शिरतात, माणसं मरतात. लोक मोशेकडे येतात, परमेश्वराला सांग, आमच्यातून हे साप काढून टाक. मोशे प्रार्थना करतो. परमेश्वर सांगतो, सापाची प्रतिमा करून काठीवर लाव; ज्याला डसलं असेल त्यानं तिच्याकडे पाहावं, तो जगेल. मोशेनं पितळेचा साप केला.

"लोकांनी काय मागितलं?" त्यांनी विचारलं.

"साप काढून टाक."

"मग गेले का साप?"

मी पुन्हा वाचलं. साप गेल्याचं कुठं लिहिलेलं नाही. डसलेले जगले, एवढंच लिहिलं आहे.

इतक्या वर्षांत ही गोष्ट शंभरदा ऐकली असेन. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः तिचा दाखला देतो, त्यामुळे दर दुःखसहनाच्या सप्ताहात ती येतेच. पण मला कधी दिसलं नव्हतं की साप तिथंच राहिले. मी बराच वेळ गप्प होतो, आणि मग माझ्या तोंडून निघालं, "साहेब, ते दवाखान्यातलं औषधही सापाच्या विषाचंच असते." घोड्याची सगळी हकिकत त्यांना सांगितली. त्यांना ती माहीत नव्हती. लहान पोरासारखे खूश झाले. घोडा मरत नाही का, किती विष देतात, रक्त किती काढतात, प्रश्नांवर प्रश्न. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मी सापाबद्दल बोलत होतो आणि छाती धडधडत नव्हती. हे मला रात्री लक्षात आलं.

निघायच्या आधी त्यांनी खिशातला कागद पाहायला मागितला. कोणी सांगितलं होतं देव जाणे, बहुतेक बायकोनंच. त्यांनी तो उलगडला, वाचला, परत घडी घातली. म्हणाले, "हे स्तोत्र चांगलं आहे. पण येशूला हे म्हणून कोणी दाखवलं ते आठवतं? सैतानानं. मंदिराच्या शिखरावर नेऊन. उडी टाक, देवदूत झेलतील असं लिहिलंय म्हणाला. येशूनं उडी टाकली नाही, जिन्यानं खाली आला." जिन्याचं शास्त्रात नाही, ते त्यांनी घातलेलं. मग विचारलं, "बूट घेतलेत का?"

"कुठले बूट?"

"गुडघ्यापर्यंतचे. गमबूट. चप्पल घालून रात्री पाणी द्यायचं आणि वर हे स्तोत्र म्हणायचं, ही उडीच की."

पौलाचं मी त्यांना विचारलं. ते काटे काढल्यासारखं हळू बोलले. पौलाला विष चढलं नाही ही देवाची मर्जी, तुम्हाला चढलं आणि औषध वेळेवर मिळालं हीसुद्धा. त्यावरून कोणाचा विश्वास मापू नये. आणि पुढं वाचा, म्हणाले, पौल त्यानंतर त्याच बेटावर तीन महिने राहिला. हिवाळा होता, काटक्या पुन्हा वेचाव्या लागल्याच असतील.

प्रार्थनेबद्दल त्यांनी एकच सांगितलं: खरं बोला, थोडं बोला. पाण्यावर चालताना येशूचा शिष्य पेत्र बुडायला लागला तेव्हा त्यानं स्तोत्र म्हटलं नाही. "प्रभूजी, मला वाचवा," एवढंच. वेळच तेवढा होता.

त्या रात्री मी गोठ्यात एकटा उभा राहिलो. डोळे मिटले आणि सवयीनं "हे आमच्या स्वर्गातील दयाळू पित्या" असं सुरू केलं, आणि अडलो. प्रार्थनेची माझी भाषा पुस्तकातली होती. शास्त्रातली, भजनातली, पाळकांच्या तोंडची. घरात मी तसं बोलत नाही, वावरात नाही, बैलाशीही नाही. खरं बोला म्हणाले होते. मग म्हटलं, "देवा, मले भेव वाटते. लय भेव वाटते. बायको रातच्या वावरात जाते आन् मी घरात बसतो. मले लाज वाटते बापा." त्यापुढं बोलता आलं नाही, रडू आलं. देवाशी मी तोवर कधी वऱ्हाडीत बोललो नव्हतो. चव्वेचाळीस वर्षं त्याच्याशी पाहुण्यासारखा बोलत आलो होतो.

भीती त्या रात्री गेली का? नाही. गोठ्यातून घरात जाताना मी बॅटरी तीनदा फिरवली. पण दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं की पाय केव्हाचा बरा झाला आहे. ती म्हणाली, "मले मालूम हाय." आणि पोळ्या लाटत राहिली.

आशाताईंनी प्रेरणा प्रकल्पाचं सांगितलं होतं. शेतकऱ्यांच्या मनाच्या आजारासाठी सरकारी दवाखान्यात समुपदेशक असतात. आधी मी ते उडवून लावलं होतं, मी काय येडा हाय का. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, रक्तासाठी घोड्याची मदत घेतलीत, मनासाठी माणसाची घ्यायला काय हरकत. दोन-तीनदा गेलो. तिथल्या ताईंनी भीतीची पायरी-पायरी करायला सांगितली: आज अंगण, ते जमलं की गोठा, मग गावाची वेस, मग वावर. झोपेसाठी थोडे दिवस गोळीही होती. याबद्दल फार लिहीत नाही, पण हे वगळून फक्त प्रार्थनेचं लिहिलं तर ते खोटं होईल.

पायऱ्या मी एकट्यानं चढलो नाही. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मंडळीत उभं राहून नुसतं विचारलं, "यांना संध्याकाळी वावरापर्यंत सोबत कोण करील?" विश्वासाचं काही नाही, मनाचं काही नाही. आमच्याकडे सोबत मागणं यात कमीपणा नसतो. 2018 मध्ये राळेगाव-पांढरकवड्याकडे ती टी-वन वाघीण होती, 13 माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं, 2 नोव्हेंबरला तिला गोळी घातली, तोवर त्या भागातली माणसं घोळक्यानंच वावरात जायची. त्यांना कोणी भेकड म्हटलं नाही. वाघीण दिसत होती म्हणून. माझी दिसत नव्हती, एवढाच फरक.

हात वर केला तो एका म्हातारीनं. सत्तरीच्या पुढची, गावात सगळे तिला मावशी म्हणतात. जन्मभर निंदणाला गेलेली, अर्ध्या गावाच्या बाळंतपणाला धावलेली. म्हणाली, "मी येतो सोबत."

लोक हसले. ती खरंच यायची. अंगावर शाल, हातात काठी, पुढं ती, मागं मी. काठी जमिनीवर आपटत चालायची. "आयकू येते त्याले, बाजूनं होते थो." सापाला ऐकू येण्यापेक्षा जमिनीचा हादरा कळतो, हे मी मोबाइलवर वाचलं होतं; तिला न वाचता ठाऊक होतं. धुऱ्यावर पोतं टाकून बसायची आणि भजन म्हणायची, सूर कुठल्या कुठं. एकदा मी तिला माझं दुखणं सगळं सांगितलं, प्रार्थना केली तरी मनात सापच येतो म्हणून. ती म्हणाली, "लेका, साप उंदरामांगं येते, तुह्यामांगं नाई. तुह्यामांगं देव येते. तू मांगं पाय ना जरा."

पोळा झाला, दसरा झाला. कापूस फुटला. संध्याकाळी सात, मग आठ, मग नऊ. कधी मावशी, कधी चुलतभाऊ, दोन-तीनदा तो वारकरी गडी, जो धुऱ्यावर बसून हरिपाठ म्हणायचा आणि मध्येच विचारायचा, "तुमचं काही म्हनाचं असन तं म्हना बरं." गमबूट घेतले, चांगली बॅटरी घेतली. स्तोत्र सात वेळा म्हणणं हळूहळू तीनवर आलं, मग एकदाच. काही रात्री पुन्हा सातवर जायचं. एकदा नोव्हेंबरात वेशीवरूनच परत आलो आणि दोन दिवस कोणाशी बोललो नाही. सरळ चढत गेलो असं नाही.

2023 च्या जानेवारीत गव्हाचं पाणी आलं. लाइन रात्री. चुलतभाऊ लग्नाला गेलेला, मावशीला खोकला, बायकोचं अंग तापलेलं. मी बूट चढवले. दारात उभा राहून म्हटलं, "प्रभू, चाल सोबत." मावशीला म्हणायचो तसंच. तेविसाव्या स्तोत्रात मृत्यूच्या सावलीच्या दरीतून जातानाही भिणार नाही असं आहे, आणि कारण एकच दिलं आहे: तू माझ्याबरोबर आहेस. दरी बुजवून टाकतोस, असं त्यात नाही. हे मी तेव्हा दारात विचार करून म्हटलं असं सांगणार नाही. नंतर जुळवलं. तेव्हा फक्त सोबत हवी होती.

मोटार लावली. पाणी आलं. पहिला वाफा भरताना काठी आपटून हात दुखला, दर दोन मिनिटांनी मागं बॅटरी. दुसऱ्या वाफ्याला थंडी वाजायला लागली. तिसऱ्याला दांड एका जागी फुटला, पाणी शेजारच्या तुरीत जायला लागलं, आणि मी शिव्या देत चिखल ओढत बसलो. तो बुजवून उभा राहिलो तेव्हा पाठ मोडली होती, वर आकाश गच्च भरलेलं, विहिरीकडून मोटारीचा आवाज. खिशाला हात लावला. कागद नव्हता. दुसऱ्या शर्टात राहिला होता. दोन वाजले होते, आणि साडेदहापासून मला त्याची आठवण झाली नव्हती.

साप दिसला नाही त्या रात्री. सांगण्यासारखं काहीही झालं नाही. एक एकर गहू ओला झाला.

एप्रिलमध्ये पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, मला साक्ष द्यायला सांगितलं. साक्षीची एक ठरलेली चाल असते: आधी अंधार, मग प्रभू भेटला, मग सगळं गेलं. लोक त्या शेवटाची वाट पाहत बसतात, मीही पूर्वी बसायचो. मी सांगितलं की मला अजून भेव वाटते, पण मी वावरात जातो. थोडं थांबून हेही सांगितलं की सरकार म्हणतं आता सौर विजेवर दिवसा लाइन देऊ, तेव्हा माझ्या प्रार्थनेत तेवढी एक मागणी सगळ्यांनी जोडा. हसले सगळे. मावशी मोठ्यानं "आमेन" म्हणाली.

त्याच आठवड्यात मी स्वतः बायकोला म्हटलं, कुकर काढ. तिनं फळीवरून काढला, घासला, डाळ घातली, झाकण लावलं. वाफ धरेना. सव्वा वर्ष पडून झाकणाची रबरी रिंग वाळून लाकडासारखी झाली होती, हात लावला तर तुकडा पडला. पुढच्या बाजारातून नवी आणली.

आता रोज कुकर लागतो. वाफ कोंडायला लागली की मी उठून ओट्यावर जाऊन बसतो. पहिली शिट्टी झाली की बायको आतून सांगते, "झाली." मग मी आत जातो.